रोजचे संस्कार आणि लक्ष्मीबाई टिळक

बाप्तिस्मा एका दिवसात होतो. स्वभाव एका दिवसात बदलत नाही. मग धर्म बदललेल्या माणसाच्या अंगवळणी पडलेल्या सवयींचे, त्याच्या रागलोभांचे काय होते? अहेरी-सिरोंच्याकडचा विद्यार्थी वसतिगृहात राहायला आला की चार-सहा महिन्यांत त्याच्या बोलण्याचा हेल बदलतो. तो काही मुद्दाम बदलत नाही. ख्रिस्ती माणसाचे चारित्र्यही असेच नकळत घडत जाते. याचा पुरावा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राइतका स्पष्ट मराठीत क्वचितच सापडेल.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. माहेर नाशिकजवळचे जलालपूर. वडिलांना सोवळ्याचे इतके वेड की बाजारातून आणलेले मीठदेखील धुऊन घेतले जाई! या घरात वाढलेली मुलगी पुढे कवी नारायण वामन टिळकांची पत्नी झाली. टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. हे गाव आपल्या गडचिरोलीच्या ईशान्येला, आजच्या छत्तीसगडात आहे. गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. काही वर्षे त्या नातलगांकडे राहिल्या.

पुढे त्या पतीकडे परतल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही, आणि माझ्या मते सारे मर्म इथेच आहे. सक्ती झाली असती तर सोवळे अधिकच घट्ट झाले असते. त्याऐवजी रोज डोळ्यांपुढे होता तो पतीचा कोणत्याही जातीच्या माणसाला जवळ करण्याचा स्वभाव. महाबळेश्वरी असताना त्या विचार करीत बसल्या की जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळाले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे क्रम आपण समजतो त्याच्या उलटा : आधी स्वयंपाकघर बदलले, मग धर्म.

धर्मांतराची टिंगल करणारे आणि त्याचा उत्सव करणारे, दोघेही त्या एका दिवसाकडेच पाहतात. मधल्या वर्षांचा हिशेब कोणी मांडत नाही.

जुने संस्कारही सगळे पुसले जात नाहीत. टिळकांवर लहानपणापासून संतकाव्याचा ठसा होता. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी भजने रचली, कीर्तने केली. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून संन्याशाचे जिणे पत्करले. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ज्यांना एकेकाळी त्यांच्या घरचे पाणी चालत नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनीच ते पुढे पुरे केले, आणि तेही ओवीत.