जिन्यावरील खोकी

कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या बाजार-आवारात गाड्यांची रांग लागलेली असताना कोणी विडी पेटविलीच, तर शेजारचा गाडीवान ती त्याच्या हातून हिसकावून घेईल. गठाणीच्या पोटात शिरलेली आग तासन्‌तास धुमसत राहते व वरून पाणी ओतूनही विझत नाही, हे आमच्या जिल्ह्यातील पोरांनाही शिकवावे लागत नाही. परंतु तोच कापूस कापड होऊन दुकानाच्या फळीवर चढला, की आमची सावधगिरी कोठे जाते, कोण जाणे!

गेल्या नाताळापूर्वी खरेदीसाठी आम्ही अशाच एका दुकानात गेलो होतो. साड्या दुसऱ्या मजल्यावर. वर जाण्यास एकच अरुंद जिना, आणि त्याच्या निम्म्या पायऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांनी अडविलेल्या. जिन्याखाली विजेचे मीटर व तारांचे जंजाळ. मागील बाजूस एक दार होते खरे. पण त्यास कुलूप. ते पाहून मला सिकंदराबादची आठवण झाली.

१६ मार्च २०२३ च्या संध्याकाळी तेथील स्वप्नलोक संकुलास आग लागली. त्या आगीत सहा तरुण जीव गेले, चार मुली व दोन मुलगे. वरंगल, महबूबाबाद, खम्मम अशा जिल्ह्यांतून पोटासाठी शहरात आलेली ही मुले पाचव्या मजल्यावर अडकली होती. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मृत्यूने पाहिली नाही. धुरानेच त्यांचा श्वास कोंडला. त्याआधी सहा महिने, १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री, त्याच शहरात रूबी नावाच्या लॉजच्या आगीत आठ माणसे दगावली होती. खाली विजेवर चालणाऱ्या स्कूटरींची पेढी होती. आग तेथे लागली आणि धूर वरच्या मजल्यांत भरला.

असे का व्हावे? आपल्या चुलीवरील धुराडे ज्या नियमाने चालते, त्याच नियमाने उंच इमारतीचा जिना चालतो. तापलेला धूर वर धावतो, आणि जिन्याइतकी सोपी वाट त्याला दुसरी नसते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्यास ना रंग, ना वास. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेला माणूस सकाळी उठत नाही, तो याच वायूने. म्हणून जिन्यावरील खोकी दुहेरी घात करतात: ती जळून धूर वाढवितात, आणि पळणाऱ्याची वाटही अडवितात. शासनाचा दाखला भिंतीवर टांगला म्हणून आग काही भीत नाही.

घाबरलेला मनुष्य पुष्कळदा न्हाणीघरात दडतो. मुंबईच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी चौदा जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक स्वच्छतागृहाच्या बाजूस सापडले. अशा वेळी जिन्यात धूर नसेल तर ओणवे होऊन खाली उतरावे, लिफ्टला हात लावू नये व निघताना मागचे दार लोटून घ्यावे. वाट बंदच झाली असेल, तर रस्त्याकडे खिडकी असलेली खोली गाठावी, दाराच्या फटीत ओले कापड कोंबावे आणि खिडकीतून हाका माराव्यात. अग्निशामक दलाचा क्रमांक १०१ मुलांकडून पाठ करून घ्यावा.

आमच्या धर्मग्रामातील मुलेमुली आज हैदराबादला, नागपूरला नोकरीस जातात. पगार किती, खोली कोठे, रविवारच्या मिस्साला चर्च जवळ आहे काय, हे आईबाप विचारतात, आणि ते विचारावेच. पण कचेरी कितव्या मजल्यावर आहे, दुसरा जिना आहे काय, आणि त्याचे दार दिवसा उघडे असते काय, हेही विचारावे.

त्या दुकानदारास मी मागील दाराविषयी विचारले. मनुष्य भला होता. "चोरांचे भय आहे, साहेब, म्हणून कुलूप," तो म्हणाला. "किल्ली कोणाकडे?" त्याने एका पोऱ्यास हाक मारली, पोऱ्याने दुसऱ्यास. आमच्या साड्या बांधून झाल्या, पैसे देऊन झाले. आम्ही खाली उतरलो, तोवर किल्ली सापडलेली नव्हती.