‘हे कार्ड मिळेल का?’

भोसरीतल्या एखाद्या छोट्या कारखान्यात सकाळची पाळी सुरू होते. सीएनसी लेथचा मेन स्विच टाकला जातो, पॅनेलमधले पंखे घरघरतात, पण पडदा काळाच राहतो. ऑपरेटर दोनदा बंद-चालू करून पाहतो. मग पॅनेलचे दार उघडते, आतल्या कार्डांवर टॉर्च फिरते आणि एका कार्डावर नको तो लाल दिवा लागलेला दिसतो. मेंटेनन्सवाला कडेचा नंबर नीट यावा अशा बेताने त्या कार्डाचा फोटो काढतो आणि चार-पाच जणांना धाडतो. खाली एकच ओळ असते: ‘हे कार्ड मिळेल का?’

या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या माणसांचा एक वेगळाच व्यवसाय आपल्या औद्योगिक वसाहतींमध्ये रुजला आहे. कंपनीने बनवायचे थांबवलेले कंट्रोल, ड्राइव्ह, पॉवर सप्लाय शोधायचे, तपासायचे, दुरुस्त करायचे आणि उभे राहिलेले मशीन पुन्हा चालू करून द्यायचे. एखाद्या गाळ्यात लोखंडी मांडण्यांवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली शेकडो कार्डे, मधोमध टेस्ट बेंच आणि सोल्डरचा वास, एवढाच त्याचा पसारा. वरवर पाहणाऱ्याला ते भंगार वाटते. पण ते भंगार जपणाऱ्यांच्या भरवशावर अनेक लघुउद्योजकांची रोजची पाळी सुरू होते.

मशीनचे दोन भाग वेगवेगळ्या वेगाने म्हातारे होतात. ओतीव लोखंडाचा बेड वर्षानुवर्षे टिकतो. स्लाइड झिजली तर ग्राइंडिंग-स्क्रेपिंग करून पुन्हा सरळ करता येते, बॉलस्क्रू आणि बेअरिंग बदलता येतात. नीट सांभाळलेला लेथ तीस-चाळीस वर्षांनंतरही चोख माप देतो. पॅनेलमधल्या इलेक्ट्रॉनिक्सला हे भाग्य नाही. कार्ड ज्या चिपवर बेतलेले असते, ती बनवणारी कंपनी पुढच्या पिढीकडे वळते. चिप थांबली की कार्ड थांबते आणि कार्ड थांबले की धडधाकट मशीन उभे राहते. युरोपात १ जुलै २००६पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आले, तेव्हा अनेक जुने घटक नव्या नियमात बसवत बसण्यापेक्षा उत्पादकांनी यादीतूनच काढून टाकले.

ही अडचण कुठून आली, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. एके काळी यंत्राचे सारे वागणे रिलेच्या वायरिंगमध्ये असे. कॉन्टॅक्ट काळा पडला तर वायरमन पॉलिश पेपरने घासून तो चालू करी. पण मॉडेल बदलले की मोटार कारखान्यांना रिलेचे मोठमोठे पॅनेल नव्याने वायर करावे लागे. १ जानेवारी १९६८ रोजी अमेरिकेतल्या डिक मॉर्ले यांनी एका टिपणात यावरचा उपाय मांडला: वायरिंग बदलण्याऐवजी प्रोग्रॅम बदलायचा. त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्सचा हा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून त्यातून घडलेल्या कंट्रोलरचे नाव पडले ‘मॉडिकॉन ०८४’. आज ज्याला आपण पीएलसी म्हणतो, त्याच्या पूर्वजांपैकी हा एक. सोय अफाट झाली. त्याचबरोबर यंत्राचे वागणे वायरमनच्या डोळ्यांपुढून निघून एका काळ्या चिपच्या पोटात जाऊन बसले.

आपल्याकडच्या जुन्या पॅनेलमध्ये ही पिढी अजून नांदते आहे. सीमेन्सची सिमॅटिक एस५ मालिका १९७९मध्ये आली. तिची जागा घेणारी एस७ येऊनही तीस वर्षे उलटली, तरी एस५वर चालणारी यंत्रे आहेत. १९७२मध्ये फुजित्सूपासून वेगळ्या झालेल्या फानुकची ‘सिरीज ०’ १९८०च्या दशकाच्या मध्यात आली आणि जगभरच्या लेथ-मिलिंगवर बसली. त्याआधीच्या ‘सिस्टिम ६’मध्ये बबल मेमरी होती. ते तंत्रज्ञान बाजारातून कधीच गेले, पण ते वापरणाऱ्या मशीनचा बेड मात्र अजून दणकट आहे.

कार्ड खराब होते ते बहुतेकदा साध्या कारणाने. पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आतला द्रव हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा या धंद्यातला पाठ हिशेब. मे महिन्यात पॅनेल तापले की आपण दार उघडून समोर पंखा लावतो. त्याने गारवा मिळतो, पण कूलंटचा धूर आणि ओतीव लोखंडाची बारीक पूडही आत जाऊन कार्डांवर बसते. वर्षभराने तेलकट काळा थर ट्रॅक खाऊ लागतो. म्हणूनच दुरुस्तीचे पहिले काम असते कार्ड स्वच्छ धुऊन वाळवण्याचे, आणि दुसरे सगळे कपॅसिटर बदलण्याचे. कितीतरी ‘मेलेली’ कार्डे एवढ्यानेच उठून बसतात.

जी उठत नाहीत त्यांच्यासाठी शोध सुरू होतो, आणि त्याची पहिली पायरी नंबर वाचणे ही असते. फानुकचे कार्ड ‘ए१६बी’ किंवा ‘ए२०बी’ने सुरू होते, ड्राइव्ह आणि मोटर ‘ए०६बी’ने, सीमेन्सचे एस५ मोड्यूल ‘६ईएस५’ने. त्यापुढच्या एका आकड्याने सारा अर्थ बदलतो. नंबरच्या शेवटचे आवृत्तीचे अक्षर काही ठिकाणी चालून जाते, काही ठिकाणी अजिबात नाही. हे ज्ञान कॅटलॉगमध्ये पुरते सापडत नाही. ते शेकडो कार्डे हाताळलेल्या माणसाच्या डोक्यात असते.

मग कार्ड येते कुठून? पहिला दरवाजा मूळ कंपनीचाच ठोठावावा. ग्राहक मशीन वापरत असेपर्यंत दुरुस्तीची सेवा द्यायची, हे फानुकचे जाहीर धोरण आहे. पण सगळ्या कंपन्या तसे करत नाहीत. त्यापुढचे रस्ते मोडीत निघालेल्या यंत्रांकडे जातात. एखादा कारखाना जुनी लाइन काढतो तेव्हा भंगारवाल्याच्या आधी कार्डवाला पोचलेला बरा, कारण काट्यावर चढले की कार्डाची किंमत किलोने होते. सुट्या चिपसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर अलंगमध्ये १९८३पासून जहाजे तोडली जातात. इंजिनरूममधली ऑटोमेशनची मोड्यूल तिथे काढून, पुसून भावनगरच्या व्यापाऱ्यांकडे जातात. समुद्रावर राबलेले एखादे मोड्यूल महाराष्ट्रातल्या एखाद्या कारखान्यात दुसरा जन्म घेते.

हा शोध फक्त लहान कारखानदारांच्याच नशिबी असतो असेही नाही. २००२मध्ये बातमी आली होती की स्पेस शटलच्या बूस्टरची चाचणी घेणाऱ्या जुन्या उपकरणांसाठी नासा इंटेलच्या ८०८६ चिप ऑनलाइन लिलावांतून शोधत आहे. अवकाशयान पाठवणाऱ्यांवर जी वेळ आली, तीच भोसरीच्या लेथवाल्यावर येते. त्यात कमीपणा काहीच नाही.

टंचाई आली की नकली मालही येतो. जुन्या चिपचा वरचा थर घासून, काळा लेप देऊन त्यावर नवा नंबर छापला जातो. अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२च्या अहवालात लष्करी पुरवठ्यातल्या संशयास्पद नकली भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदवली होती. त्यांतल्या भागांची संख्या दहा लाखांवर होती. म्हणून जाणकार माणूस चिपवर अॅसिटोनचा बोळा फिरवून पाहतो. काळा रंग बोळ्याला लागला, तर माल परत. पिनांवर जुन्या सोल्डरची खूण दिसली, तर ‘नवीन’ म्हणून विकलेली वस्तू नवीन नसते. आणि कार्ड बेंचवर काही तास लोडवर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हा नियम ग्राहकानेही पाळावा.

एवढे सगळे जमले, हुबेहूब त्याच नंबरचे कार्ड हाती आले, तरी मशीन चालेलच असे नाही. कारण कार्डावरच्या ईप्रॉम चिपमध्ये मशीन बनवणाऱ्याचा लॅडर प्रोग्रॅम असतो. टरेट कसे फिरेल, चक केव्हा आवळेल, दार उघडे असताना स्पिंडल का थांबेल, हे सगळे त्यात लिहिलेले असते. दुसऱ्या मशीनवरून काढलेले कार्ड त्या दुसऱ्या मशीनसारखेच वागू पाहते. म्हणून आपल्या जुन्या कार्डावरच्या ईप्रॉम अलगद काढून नव्यावर बसवाव्या लागतात. या चिपच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश आत गेला तर मजकूर पुसला जातो. त्या खिडकीवरचे छोटे स्टिकर कुतूहलाने खरवडू नये, हे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले जाते.

दुसरा खजिना पॅरामीटरचा, म्हणजे त्या मशीनपुरत्या ठरवलेल्या आकड्यांचा. फानुक सिरीज ०मध्ये ते ज्या मेमरीत राहतात, ती टॉर्चमध्ये घालतो तशा तीन मोठ्या सेलवर जगते. सेल उतरले की पडद्यावर ‘बॅट’ लुकलुकू लागते. हे सेल मशीन चालू असतानाच बदलायचे असतात. इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले आणि दिवाळीच्या सुट्टीत मशीन बंद राहिले, तर परत आल्यावर मेमरी कोरी. मशीनने कुठली ऑप्शन घेतली आहेत हे ठरवणारे नऊशेच्या पुढचे पॅरामीटरही त्यात जातात. कार्ड मिळेल, चिप मिळेल, पण त्या एका मशीनचे हे आकडे कुठल्याच बाजारात विकत मिळत नाहीत.

एस५चेही तसेच, नुसते मोड्यूल मिळून भागत नाही. त्याच्याशी बोलायला जुने सॉफ्टवेअर, वीस मिलीअँपिअर करंट लूपची केबल आणि खराखुरा सिरियल पोर्ट असलेला लॅपटॉप लागतो. म्हणून या गाळ्यांमध्ये डॉसवर चालणारा एखादा जुना लॅपटॉप कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. तोही स्पेअर पार्टच.

कधीतरी नवा कंट्रोल बसवणे, म्हणजे रिट्रोफिट, हाच शहाणपणाचा मार्ग असतो. ड्राइव्ह, मोटर, कंट्रोल सगळेच थकले असेल, तर कार्डामागे पैसे घालत राहण्यात अर्थ नाही. चांगला कार्डवाला हे स्वतःहून सांगतो, आपले गिऱ्हाईक जात असले तरी. पण मशीन माप देत असेल आणि एकाच कार्डासाठी अडले असेल, तर ते चालू ठेवणे हीच त्या लोखंडाची, आणि ते हप्त्यांवर घेतलेल्या माणसाच्या कष्टांची कदर.

म्हणून ज्यांच्याकडे असे मशीन आज चालू आहे, त्यांनी फोटो धाडायची वेळ येण्याआधीच दोन कामे करावीत. सगळे पॅरामीटर पडद्यावरून वहीत उतरवून घ्यावेत, त्यांची एक प्रत घरी ठेवावी. आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला सेल बदलल्याची तारीख लिहून चिकटवावी. जुन्या मेंटेनन्सवाल्यांची पॅनेल उघडली की असे कागद अजून सापडतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले, निळ्या शाईतले. लिहिणारा कधीच निवृत्त झालेला असतो. मशीन मात्र त्याने लिहून ठेवलेल्या आकड्यांवर सकाळी पुन्हा चालू होते.