भरकटणारी दांडी

व्हिडिओ खेळ खेळणाऱ्याच्या हातात जो नियंत्रक असतो, त्यावरील दोन आखूड दांड्या म्हणजे त्या खेळाचे सुकाणूच होय. डाव्या अंगठ्याने एक दांडी पुढे लोटली की पडद्यावरील पात्र चालू लागते. उजव्या अंगठ्याने दुसरी फिरविली की त्याची दृष्टी वळते. अंगठा उचलताच दांडी मध्यभागी येऊन उभी राहते आणि पात्रानेही थांबावे अशी अपेक्षा असते. परंतु काही काळाच्या वापरानंतर पुष्कळ नियंत्रकांच्या बाबतीत असे घडू लागते की, दांडीला कोणाचा हातही लागलेला नसताना पात्र एका बाजूस सरकत राहते. दावे सुटलेली होडी प्रवाहाबरोबर वाहत जावी, तसाच हा प्रकार असतो. इंग्रजीत यास ‘स्टिक ड्रिफ्ट’ असे नाव पडले आहे. मराठीत त्यास दांडीचे भरकटणे म्हणता येईल.

हा दोष समजून घेण्यासाठी दांडीच्या बुडाशी काय असते ते प्रथम पाहिले पाहिजे. दांडी दोन परस्परलंब आसांवर झुकू शकते. यांपैकी प्रत्येक आसाला एक लहानसा पोटेन्शिऑमीटर, म्हणजे बदलता रोधक, जोडलेला असतो. त्यात कार्बनमिश्रित थराचा एक पट्टा असून त्या पट्ट्यावरून धातूचा एक लवचीक स्पर्शक घासत सरकतो. पट्ट्याच्या दोन टोकांना ठराविक विद्युत् दाब दिलेला असतो. स्पर्शक ज्या जागी टेकला असेल, त्या जागेनुसार त्याला त्या दाबाचा कमीअधिक हिस्सा मिळतो. दांडी मध्यभागी असता तो साधारणपणे निम्मा असतो. नियंत्रकातील मंडल या दाबाचे अंकांत रूपांतर करते. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन-४ या यंत्राच्या नियंत्रकात हे अंक ० ते २५५ असे असतात आणि १२८ च्या आसपासचा अंक आला, तर दांडी स्थिर आहे असे यंत्र मानते.

जुन्या रेडिओचा आवाज लहानमोठा करण्याची खुंटी फिरविताना होणारी खरखर अनेक वाचकांच्या ओळखीची असेल. त्या खुंटीखालीही असाच पोटेन्शिऑमीटर असतो. पट्ट्यावर धूळ साचली अथवा थर खरवडला गेला, की स्पर्श मध्येच तुटतो आणि खरखर ऐकू येते. नियंत्रकातील दोषाचे मूळ हेच आहे; फरक इतकाच की रेडिओत जो दोष कानांना जाणवतो, तो येथे डोळ्यांना दिसतो.

रेडिओची खुंटी दिवसातून चारदोन वेळा फिरते. खेळातील दांडी मात्र एका बैठकीत शेकडो वेळा हलते, आणि तिची प्रत्येक हालचाल मध्यभागापासून सुरू होऊन मध्यभागीच संपते. साहजिकच पट्ट्याचा मधला भाग सर्वांत अधिक झिजतो. झिजलेल्या कार्बनची भुकटी तेथेच साचते, बाहेरची धूळ तीत मिसळते, स्पर्शकाची लवचीकता कमी होते आणि दांडीला मध्यावर आणणारी स्प्रिंगही सैल पडते. परिणामी दांडी सरळ उभी असली तरी दाब निम्मा राहत नाही. मध्यावर १२८ ऐवजी १४० हा अंक येऊ लागला, तर यंत्राला वाटते की खेळाडू दांडी हळूच लोटीत आहे. अशा लहानशा चुका पचविण्यासाठी खेळांच्या रचनेत मध्यबिंदूभोवती एक ‘निष्क्रिय क्षेत्र’ ठेवलेले असते. त्या क्षेत्रातील अंकांकडे यंत्र दुर्लक्ष करते. चूक या क्षेत्राबाहेर गेली, म्हणजे दांडी भरकटू लागते.

दुरुस्तीचा क्रम सोप्यापासून अवघडाकडे असा ठेवणे शहाणपणाचे ठरते. प्रथम दोषाचे स्वरूप ओळखावे. ज्या यंत्रांत दांडीची स्थिती पडद्यावर पाहण्याची सोय असते, तेथे हात न लावता तिच्या बिंदूचे निरीक्षण करावे. बिंदू मध्यापासून ढळून एकाच जागी स्थिर राहत असेल, तर नव्या मध्याची नोंद यंत्रात करून काम भागते. यास अंशशोधन म्हणतात. निष्क्रिय क्षेत्र वाढविल्यानेही दोष झाकला जातो, मात्र त्यामुळे दांडीच्या सूक्ष्म हालचाली यंत्रापर्यंत पोहोचत नाहीत. बिंदू थरथरत असेल, अथवा दर वेळी निराळ्या जागी थांबत असेल, तर अंशशोधनाचा उपयोग होत नाही. अशा वेळी दोष अंकांत नसून पट्ट्यावर आहे असे समजावे.

यानंतरची पायरी सफाईची. यंत्र बंद करून दांडीच्या तळाशी असलेल्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एकदोन थेंब सोडतात आणि दांडी सर्व दिशांना अनेक वेळा फिरवितात. हे द्रव्य शक्य तितके निर्जल असावे व पूर्ण सुकल्याखेरीज यंत्र सुरू करू नये. केवळ धूळ व भुकटी यांमुळे उद्भवलेला दोष याने जातो. खरवडला गेलेला थर मात्र सफाईने भरून येत नाही; म्हणून पुष्कळदा काही दिवसांचा आराम पडतो आणि दोष पुन्हा डोके वर काढतो.

तेव्हा दांडीचा भाग बदलणे एवढाच मार्ग उरतो, आणि ते काम किती कठीण हे नियंत्रकाच्या रचनेवर अवलंबून असते. निन्टेन्डो कंपनीने मार्च २०१७ मध्ये विक्रीस आणलेल्या ‘स्विच’ यंत्राच्या ‘जॉय-कॉन’ नियंत्रकात दांडीचा भाग चपट्या तारपट्टीने जोडलेला आहे. तीन पात्यांचे स्क्रू काढणारा योग्य स्क्रू-ड्रायव्हर, बारीक चिमटा आणि सावधपणा एवढे भांडवल असले, तर तो घरीही बदलता येतो. आधी विद्युत् घटाची जोडणी सोडवावी. तारपट्टी ओढून न काढता तिला धरून ठेवणारा खटका अलगद उचलावा. लिथियमचा घट टोकदार हत्याराने डिवचणे धोक्याचे असते, हे विसरू नये. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स यांच्या नेहमीच्या नियंत्रकांत मात्र दांडीचा भाग मंडलफलकावर डाखलेला असतो. अशा एका भागाचे चौदा डाख एकेक करून वितळवावे व शोषून घ्यावे लागतात. उष्णता अधिक झाली तर फलकावरील तांब्याचे वर्ख उखडून येतात आणि अवघा नियंत्रक निकामी होतो. ज्याचा हात डाखकामावर बसलेला नाही, त्याने ते जाणत्या कारागिराकडे सोपवावे हे उत्तम.

घासणारा स्पर्शकच नको, असा उपाय अभियंत्यांना पूर्वीच सुचलेला होता. विद्युत् प्रवाह वाहत असलेल्या पट्टीला लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले असता पट्टीच्या दोन कडांमध्ये विद्युत् दाब निर्माण होतो, हे अमेरिकन शास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये दाखवून दिले. या हॉल परिणामावर चालणाऱ्या दांडीत एक लहान चुंबक हलतो आणि संवेदक दुरूनच त्याची जागा ओळखतो. ज्या जागी मोजमाप होते तेथे घर्षणच नसते. सेगा कंपनीच्या १९९८ मधील ‘ड्रीमकास्ट’ या यंत्राच्या नियंत्रकात ही युक्ती वापरलेली होती. तथापि तिला सर्वरोगहारी मानू नये. निन्टेन्डोच्या १९९६ मधील यंत्रात दांडीची हालचाल खाचा पाडलेल्या चकत्या आणि प्रकाश यांच्या साहाय्याने मोजली जात असे. तेथे मापन बिनचूक राहिले, पण दांडीखालचे प्लास्टिक झिजून दांडी ढिली पडू लागली. जेथे हालचाल आहे तेथे झीज आहेच. प्रश्न असतो तो झिजणारा भाग सहज बदलता येतो की नाही, हा.

हाच प्रश्न पुढे तांत्रिक न राहता सार्वजनिक झाला. जॉय-कॉनच्या भरकटण्याविरुद्ध जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांनी न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातील ग्राहक संघटनांच्या महासंघाने सुमारे २५,००० ग्राहकांच्या तक्रारींच्या आधारे युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. ब्रिटनमधील ‘विच’ या ग्राहक संस्थेने २०२२ मध्ये प्रयोगशाळेत तपासणी करविली असता स्पर्शकाच्या जागी स्पष्ट झीज आढळली. अखेर २०२३ मध्ये कंपनीने युरोपीय आर्थिक क्षेत्र, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड येथील ग्राहकांसाठी, हमीची मुदत संपली असली तरी, ही दुरुस्ती विनामूल्य करण्याचे मान्य केले. त्याच वर्षाच्या जानेवारीत सोनीने आपला एक महागडा नियंत्रक बाजारात आणला. त्यातील दांडीचा संपूर्ण भाग डाख न काढता बाहेर ओढून बदलता येतो. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ सुरू करून, वस्तूंच्या दुरुस्तीविषयीची माहिती ग्राहकांना एका ठिकाणी मिळावी अशी व्यवस्था केली.

दांडीचा हा भाग अंगठ्याच्या पेराएवढाही मोठा नसतो आणि एकंदर नियंत्रकाच्या किमतीच्या मानाने त्याची किंमत फारच अल्प असते. तो एक भाग झिजला म्हणून उरलेला धडधाकट नियंत्रक, त्यातील तांबे, प्लास्टिक व लिथियम यांसह, कचऱ्यात जातो. पट्टा किती वर्षे टिकेल हे कारखान्यात ठरते. पण तो झिजल्यावर वस्तू टाकायची की सांभाळायची, हा निर्णय ग्राहकाच्या हाती राहावयाचा असेल, तर रचना करतानाच त्या दुरुस्तीची वाट मोकळी ठेवलेली असली पाहिजे.