वाफसा पाहूनच गाडी घाला

आज आपण बोलणार आहोत ऑफ रोडिंगबद्दल. शब्द नवा वाटेल, पण काम जुनंच आहे. डांबरी रस्ता सोडून गाऱ्यातून, दगडधोंड्यांतून, नाल्यातून गाडी काढायची, त्याला हे नाव. आपण पावसाळ्यात पांदणीनं शेतात जाताना नाइलाजानं हेच करतो. काही लोक हौसेनं करतात आणि त्यांचे गट असतात. इगतपुरीकडे महिंद्रा कंपनीनं याची शिकवणी सुरू केली. गोव्यात २०१४ पासून भर पावसात मोठी स्पर्धा होऊ लागली.

आमच्या बचत गटात तीन वर्षांपूर्वी रत्नागिरीकडची एक सून आली. माहेरी वडिलांची जीप चालवलेली, लायसन्स पक्कं. पण इथं वर्षभर तिनं चावीला हात लावला नाही. लोक काय म्हणतील हे एक, आणि सोबत कोणाची? २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक वाघ चालत चालत आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता, आठवतं? तो एकटा राहू शकला. माणसाला नव्या मुलखात माणसं लागतात.

तिला ती तालुक्याच्या एका गॅरेजात सापडली. जुन्या जीपा दुरुस्त करून रविवारी पडीक रानात नेणारे पाच-सहा जण. शेतकरी, एक मास्तर, गॅरेजवाला. नवऱ्याला सोबत घेऊन ती गेली. त्यांनी सांगितलं, पहिले दोन रविवार गाडी चालवायची नाही, फक्त मदत करायची. तिला राग आला, आम्हालाही आला. बाई म्हणून मागे ठेवतात की काय? पण नियम सगळ्यांना तोच होता, आणि बरोबर होता. फसलेली गाडी ओढताना दोर किंवा साखळी तुटली तर ती गोळीसारखी सुटते. म्हणून हुक बंपरला नाही, चेसीसला लावायचा. ताणलेल्या दोरावर जाड गोधडी टाकायची, म्हणजे तुटला तरी जोर कमी होतो. आणि दोराजवळ कोणी उभं राहायचं नाही, ओलांडायचा तर मुळीच नाही. हे ज्याला अंगवळणी पडलं नाही, त्याच्या हाती स्टिअरिंग कसं द्यायचं?

तिसऱ्या रविवारी ती बसली आणि पन्नास पावलांत जीप निम्म्या चाकापर्यंत रुतली. कोकणात जांभ्याची लाल माती पाणी लवकर खाली सोडते. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत भरते आणि टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. मग एक्सिलेटर दाबाल तेवढं चाक खोल जातं. धुऱ्यावरून एक आजी ओरडल्या, "कायले घातली व माय गाडी? वाफसा कुठं आला अजून!" जीपवाल्यांकडे टायरचं, गिअरचं ज्ञान होतं. मातीचं ज्ञान आजींकडे होतं. पुढच्या रविवारी सुनेनं आजींनाच सोबत नेलं.

गाऱ्यात शिरण्याआधी टायरची हवा कमी करतात, तीसवरून वीसच्या आसपास. टायर पसरतो, पकड वाढते. डांबरीवर येताच हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो. एकटी गाडी कधी न्यायची नाही, किमान दोन हव्यात. रान ज्याचं, त्याला आधी विचारायचं. पेरलेल्या शेतात चाक घालायचं नाही. ज्ञानगंगा, अंबाबरवा, लोणार या अभयारण्यांत परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हाच. आणि नाल्याला पूर असेल तर थांबायचं. तिथं कोणाचाही आग्रह चालत नाही.

गेल्या श्रावणात रात्री शिवारातल्या वस्तीवर एका बाईला कळा सुरू झाल्या. १०८ ची गाडी डांबरीवर येऊन थांबली, पुढे दीड किलोमीटर पांदण चिखलानं बंद. सुनेनं जीपवाल्यांना फोन केला. दोन जीपा आल्या, पुढची तिनं चालवली. आमच्या चौघी बॅटऱ्या घेऊन पुढे चालल्या, काठीनं जमीन टोचत. "डाव्या अंगानं घ्या, तिथं मुरूम आहे," असं सांगत. तिथं आम्ही रोज चालतो, मुरूम कुठं आणि काळी कुठं हे पायांना माहीत. एकदा गाडी फसलीच, मागच्या जीपनं ओढली. गोधडी बाळंतिणीच्या सासूची होती. बाई वेळेत दवाखान्यात पोचली, मुलगी झाली.

जीपचा क्लच मात्र त्या रात्री गेला. खर्च कोणी द्यायचा यावर गटात दोन बैठका झाल्या, थोडी भांडणंही. शेवटी निम्मा गटाच्या निधीतून दिला, निम्मा जीपवाल्यांनी आपसात काढला. त्यानंतर त्यांनी आमच्यातल्या तिघींना शिकायला बोलावलं आहे. तिघींचंही लर्निंग लायसन्स निघालं, पक्क्या परीक्षेला तीस दिवस थांबावं लागतं. तोवर त्या रविवारी जाऊन दोर धरतात, हवा भरतात. आजी धुऱ्यावर बसून वाफसा सांगतात.