नोस्फेरातू
एकाच कथेवरील दोन विख्यात जर्मन भयपट : फ्रीड्रिख व्हिल्हेल्म मूर्नाऊ (१८८८–१९३१) ह्याचा मूकपट (१९२२) आणि व्हेर्नर हेर्झोग (१९४२– ) ह्याने केलेली त्याची पुनर्निर्मिती (१९७९). दोहोंचे मूळ ब्रॅम स्टोकरच्या ड्रॅक्युला (१८९७) ह्या कादंबरीत आहे. घरविक्रीच्या कामासाठी एक तरुण दुर्गम किल्ल्यात जातो. तेथील रक्तपिपासू सरदार त्याच्या पाठोपाठ जहाजाने शहरात येतो आणि उंदीर व प्लेग बरोबर आणतो, असे कथासूत्र आहे.

मूर्नाऊच्या निर्मितिसंस्थेने कादंबरीचे हक्क घेतले नव्हते. म्हणून ड्रॅक्युलाचे नाव ओरलॉक असे बदलण्यात आले. तरीही स्टोकरच्या विधवेने दावा लावला व १९२५ मध्ये न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती बचावल्यामुळेच ही कलाकृती आज उपलब्ध आहे. हेर्झोगच्या वेळी हक्कांची मुदत संपलेली असल्याने त्याने ड्रॅक्युला हे नाव पुन्हा योजिले.

मूर्नाऊने प्रत्यक्ष स्थळी चित्रीकरण केले. जिन्यावर सरकणारी सावली, द्रुतगतीने धावणारी गाडी व काळ्या-पांढऱ्याची उलटापालट केलेली अरण्यदृश्ये ह्यांतून त्याने भय निर्माण केले. माक्स श्रेकचा ओरलॉक हा जणू रोगाचेच मूर्तरूप होय. क्लाउस किन्स्कीने तेच टक्कल व तेच सुळे धारण केले. तथापि त्याचा ड्रॅक्युला मरण न येण्याच्या यातनेने खचलेला आहे.

सर्वांत मोठा फरक शेवटात आहे. दोन्ही चित्रपटांत नायिका आत्मबलिदान करून पिशाचाला पहाटेपर्यंत थोपवून धरते. सूर्यप्रकाशाने पिशाचाचा अंत होणे, ही कादंबरीत नसलेली कल्पना मूर्नाऊच्या चित्रपटाने रूढ केली. त्यात नायिकेच्या मृत्यूने शहर साथीतून मुक्त होते. हेर्झोगच्या चित्रपटात मात्र तिचा पतीच पिशाच बनून घोड्यावरून निघून जातो. बलिदान व्यर्थ ठरते. पहिल्यात बाहेरून आलेले अरिष्ट टळते, तर दुसऱ्यात ते घरातच वारसा सोडून जाते.

मूर्नाऊची ही कृती हेर्झोग सर्वश्रेष्ठ जर्मन चित्रपट मानतो. नाझी राजवटीने खंडित केलेली चित्रपटपरंपरा युद्धोत्तर पिढीने १९२० च्या दशकाशी पुन्हा जोडावी, हा त्याच्या पुनर्निर्मितीमागील हेतू होता. २०२४ मध्ये रॉबर्ट एगर्स ह्या अमेरिकन दिग्दर्शकाने ह्याच कथेवर आणखी एक चित्रपट केला.