टेबलावरचा धूळघाट

रूळ स्वतःच्याच डोक्यावरून जातो, असं कधी पाहिलंय? आपल्याच जिल्ह्यात, मेळघाटात, ते होतं. अकोला-खंडवा मीटरगेजची गाडी धूळघाटजवळ डोंगराला गोल फेरी मारायची आणि मघाशी आपण जिथून गेलो तोच रूळ पुलाखाली दिसायचा. सरळ चढाची दमछाक टाळायला रस्ता लांबवायचा, एवढीच त्यातली युक्ती. आता ती गाडी बंद आहे. व्याघ्र प्रकल्पातून ब्रॉडगेज न्यायचं की बाहेरून, यावर बरीच वर्षं वाद झाला आणि शेवटी बाहेरून वळसा ठरला. जंगलाच्या दृष्टीनं बरंच झालं. पण त्या फेरीवरून पुन्हा गाडी जाणार नाही. पाहायची असेल तर टेबलावर बांधा.

म्हणाल, हे कायले पायजे? सिव्हिलवाल्यांनो, चढ आणि खांब हाताला कळतात ते असेच. आणि महागडी गाडी नंतर घेता येते. खांब आधी.

सगळ्यात प्रचलित माप एचओ, म्हणजे १:८७. चार मीटर उंच डबा इथं ४६ मिलिमीटरचा होतो. वरच्या पुलाखाली ७० मिमी मोकळी जागा ठेवा, कारण घसरलेला डबा काढायला बोटं जायला पाहिजेत. पुलाची ६ मिमी प्लायची पट्टी आणि रुळाची जाडी धरली, की चढायची उंची साधारण ८० मिमी. खालचा रूळही तशाच पट्टीवर ठेवा, म्हणजे हिशेब सरळ राहतो.

वळणाची त्रिज्या ५५ सेंमी घ्या. दोन रूळ काटकोनात ओलांडायचे असतील, तर वर्तुळाचा पाऊण भाग आणि दोन्हीकडचे सरळ तुकडे मिळून ३६९ सेंमी लांबी येते. ३६९ सेंमीत ८ सेंमी, म्हणजे ४६ ला १ चढ. ४० ला १ पेक्षा तीव्र नकोच. वळणावर चाकं रुळाला घासतात, त्यामुळे इंजिनाला चढ असतो त्यापेक्षा जास्त वाटतो. खऱ्या रेल्वेतही वळणावर चढ थोडा कमी ठेवतात. त्यातून गाडी लांब आणि डबे हलके असले, तर ते आतल्या बाजूला ओढले जाऊन चक्क आडवे होतात.

दर ३० सेंमीला एक खांब, एकूण बारा. पहिलाच खांब पूर्ण उंचीचा केला तर रुळाला कोपरा येतो आणि तिथं डबे सुटतात. म्हणून पहिला फक्त २ मिमी, म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडाच. दुसरा ७, तिसरा १४, असं सात-सातनं चढत बारावा ७७. उरलेले २-३ मिमी पुलापर्यंत आपोआप भरतात.

लाकूड वरूडात शोधावं लागत नाही. संत्र्याच्या जुन्या पेट्यांच्या पट्ट्या कापायला मऊ असतात आणि एवढं वजन सहज पेलतात. प्लायचा जोड नेहमी खांबाच्या डोक्यावर आणा, अधांतरी नको. आणि रुळाचा जोड त्याच जागी येऊ देऊ नका. फेव्हिकॉल वाळायच्या आत मोबाईलमधल्या लेव्हलच्या ॲपनं पट्टी आडवी सपाट आहे का ते बघा. एका बाजूला कलली की गाडी तिथंच पडणार.

पुलाखालचे खांब खालच्या गाडीच्या वाटेत येऊ नयेत. लांब डब्याचं पोट वळणावर आत सरकतं, टोकं बाहेर. रुळाच्या मध्यापासून दोन्हीकडे ५ सेंमी सोडा.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. गेलात तर गाड्या मागून बघा, आधी वाकून रुळाखाली बघा.

आणि हो, शकुंतलेचे चाहते असाल तर तिचा ७६२ मिमीचा नॅरोगेज १:८७ मध्ये पावणेनऊ मिमी होतो. बाजारात मिळणारा एन मापाचा रूळ ९ मिमीचा असतो. तो चालतो.

खांब चिकटले की लगेच रंगवू नका. सगळ्यात लांब डबा हातानं ढकलत पूर्ण फेरी फिरवा, वरून आणि खालूनही. मग इंजिन लावून अगदी हळू चढवा. चढाच्या मध्यावर थांबवा, तिथूनच पुन्हा सुरू करा. चाकं जागच्या जागी फिरली, तर एक डबा कमी करा.