कुडाचं घर



मागच्या अंकातलं कातकरी वाडीचं छायाचित्र पाहून काही वाचकांनी विचारलं, "ही घरं एका पावसात पडत नाहीत का?" नाही पडत. कर्नाळ्याच्या डोंगराखालच्या अशा घरांत मी बसलो, जेवलो आहे. ती कशी उभी राहतात ते सांगतो.

आधी मेढी, म्हणजे वर बेचक असलेले लाकडी खांब, जमिनीत पुरतात. त्या बेचक्यांत आडवं लाकूड बसतं. मधल्या उंच मेढींवर आढं आणि आढ्यावरून दोन्हीकडे उतरते वासे. छपराचा सगळा भार या सांगाड्यावर असतो, भिंतीवर नाही. म्हणून भिंत हलकी चालते. कारवीच्या काठ्या उभ्या लावून आडव्या बांबूच्या कांबींना बांधतात आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपतात. हाच कूड. छपरावर गवत किंवा भाताचा पेंढा. उतार तीव्र ठेवतात, नाहीतर पाणी मुरून गवत कुजतं. खिडकी बहुधा नसते. चुलीचा धूर गवतातून झिरपतो आणि वाशांना कीड कमी लागते. आपल्याला मात्र डोळे चोळत बसावं लागतं!

ठाकरांची घरं याच पद्धतीची, पण मोठी. त्यांची शेती असते, भात ठेवायला कणगी लागते. कातकऱ्यांचं घर लहान, आणि त्याला कारण आहे. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलावरचे निर्बंध वाढले आणि तो धंदा गेला. मग कोळसा पाडणं, आता वीटभट्टी. दिवाळीनंतर कुटुंबं भट्टीवर जातात, पावसाआधी परततात आणि छप्पर नव्याने शाकारतात. दुसऱ्यांच्या पक्क्या घरांसाठी विटा पाडून आल्यावर स्वतःच्या कुडाला शेणमाती लावायची.

आपण एकदा देणगीतून पत्रे दिले. मे महिन्यात एका आजींनी मला आत बसवलं आणि म्हणाल्या, "दादा, आता सांग, गरम होतंय का?" पाच मिनिटांत मी बाहेर आलो. त्यांनी पुढच्या पावसाआधी पत्र्यावर पेंढा टाकला.

तरी पक्कं घर त्यांना हवंच आहे, आणि ते मागणं रास्त आहे. शाकारायला गवत मिळेना, कर्नाळा १९६८ पासून अभयारण्य असल्याने तिथून लाकूड तोडता येत नाही. १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांना घरकुल मिळतं. पण अनेक वाड्या खाजगी जमिनीवर आहेत, आणि विमानतळामुळे पनवेलच्या जमिनीला सोन्याचा भाव आलाय. मेढ उपटून दुसरीकडे रोवता येते. पक्क्या घराला जागा नावावर लागते.

म्हणून या तिमाहीत पत्र्यांसाठी देणगी मागत नाही. या वाडीच्या जागेचे जुने उतारे काढायचे आहेत. मंडळीत कोणी निवृत्त तलाठी किंवा वकील असतील, तर कृपया कळवा.